रुंदोवचं जावळ

तालुक्याच्या कचेरीतून शुक्रवारी इन्स्पेक्टरबाई येणार, ही बातमी ग्लोगोव्ये गावात सगळ्यांना कळली आणि सर्वांत शेवटी दोब्रिलाला कळली. कळायच्या वेळी ती गाढवाच्या कानात औषध घालत होती आणि गाढव तिच्या कानात ओरडत होतं. त्यामुळे फाटकाशी उभ्या असलेल्या कोसाराआजींना तीच गोष्ट तीनदा सांगावी लागली.

"अगं, इन्स्पेक्टर येतेय! मिलिसावनं तक्रार केलीय तुझी!"

"कसली तक्रार?"

"कसली म्हणून काय विचारतेस? भुंकण्याची केलीय, वासाची केलीय, गाढवाच्या ओरडण्याची तर वेगळी केलीय. बकरी तेवढी सुटली. तक्रार करताना तिचं नाव आठवलं नसेल त्याला."

दोब्रिला पाण्याच्या हौदाच्या काठावर मटकन बसली. गाढवाने ती संधी साधून उरलेलं औषध झटकून तिच्या झग्यावर उडवलं.

दोब्रिलाने उभा जन्म पोस्टात काढला होता. निवृत्तीनंतर गुलाब लावायचे, असा तिचा बेत होता. पण कोणीतरी बसथांब्यावर एक म्हातारी कुत्री सोडून गेलं, आणि तिने ती घरी आणली. गावात अशी गोष्ट लपत नाही. 'दोब्रिला घेते' असा बोभाटा झाला आणि मग ज्याला जे नकोसं झालं ते त्याने तिच्या फाटकाला आणून बांधलं. कुत्री आली, मांजरं आली, एका डोळ्याची हंसीण आली, बकरी आली, आणि मालक परदेशी गेल्यामुळे पोरकं झालेलं एक गाढव आलं. कुठलंही काम न करता दिवसभर भाषण करत असल्यामुळे त्याचं नाव मिनिस्टर पडलं. यथावकाश या सगळ्याची रीतसर संस्था झाली. संस्थेचं नाव 'उबदार पंजा'. संस्था म्हणजे फाटकावरची पाटी. त्या पाटीवरचा पंजा दोब्रिलाने स्वतः रंगवला होता आणि तो पावासारखा दिसत असल्यामुळे अधूनमधून कोणीतरी ताजा पाव मागायला येई. दोब्रिला अध्यक्ष, कोसाराआजी उपाध्यक्ष आणि गुरांचे डॉक्टर खजिनदार. खजिनदार सभेला कधीच येत नसत, कारण सभा भरली की नेमकी कोणाची तरी गाय अडायची.

आणि शेजारी मिलिसाव. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. तेव्हापासून मिलिसावची जीभ तिखट होती आणि वयाबरोबर ती मुरत गेली. बायको गेली, मुलगा व्हिएन्नाला गेला, घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा ती जीभ त्याने कुंपणापलीकडे वळवली.

"परवाना नव्याने द्यायचाय ना," आजी सांगत होत्या. "शेजाऱ्यानं बाईसमोर उभं राहून 'हरकत आहे' म्हटलं की संपलं. जनावरं कोंडवाड्यात."

तालुक्याचा कोंडवाडा दोब्रिलाने एकदा पाहिला होता. तिथे आत गेलेलं जनावर पुन्हा बाहेर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिने मिनिस्टरच्या गळ्यात हात टाकला, आणि काय आश्चर्य, मिनिस्टर गप्प बसला.

"रडून काही होणार नाही," आजी म्हणाल्या. "अक्रोडाचा रोल भाज आणि जा त्याच्याकडे. गोड खाताना माणूस निदान बोलत तरी नाही."

दोब्रिलाने रोल भाजला, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधला आणि निघाली. कुत्री कोंडून ठेवली होती, पण रुंदोव निसटला. रुंदोव म्हणजे धनगरी जातीचं पिल्लू. गेल्या महिन्यात कोणीतरी बटाट्याच्या पोत्यात घालून आणून टाकलं होतं. तो अजून वाढायचा होता, पण केस पूर्ण वाढले होते. कपाळावरची झुलपं डोळ्यांवर यायची, त्यामुळे तो जग नाकाने पाहत असे. आता त्या नाकासमोर अक्रोडाचा रोल चालला होता.

मिलिसाव नवीन कुंपण घालत होता. गाढव येऊ नये म्हणून जाडजूड खांब रोवले होते आणि ते कुजू नयेत म्हणून त्यांना डांबर फासत होता. दोब्रिलाला पाहून त्याने कुंचला खाली ठेवला नाही.

"काय आणलंस? लाच?"

"अक्रोडाचा रोल."

"म्हणजे लाचच. मी काही विकला जाणारा माणूस नाही. ठेव तिथे दगडावर."

दोब्रिलाने रोल दगडावर ठेवला. तो दगड कुंपणाच्या मिलिसावकडच्या बाजूला होता आणि रुंदोव अलीकडे. मध्ये दोन खांब होते. रुंदोवने विचार केला नाही, डोकं घातलं. डोकं गेलं, पण झुलपं डांबराला चिकटली. मग त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून कोणालाही वाटावं की इथे बैल सोलतायत. तिच्या उत्तरादाखल दोब्रिलाच्या गोठ्यातली यच्चयावत कुत्री भुंकू लागली आणि मिनिस्टरने सभा ताब्यात घेतली.

"ऐक!" मिलिसाव गर्जला. "हेच! हेच सांगितलंय मी कचेरीत!"

"आधी सोडव त्याला, मग ओरड!"

"माझं डांबर पुसून नेलंन् मेल्यानं!"

पण मिलिसाव काही दुष्ट नव्हता. पुटपुटत, शिव्या देत तो घरात गेला आणि मेंढ्यांची लोकर कापायची कात्री घेऊन आला. "वळवळतोय कसा बघ. अगं, मांडीवर घे त्याला. घट्ट धर. तोंड इकडे कर, उन्हाकडे. मला दिसत नाही."

दोब्रिला गवतात बसली. पिल्लाला मांडीवर घेतलं, त्याचं तोंड उगवतीकडे केलं. मिलिसाव वाकला, तसं त्याच्या सदऱ्याच्या खिशातलं एक नाणं घरंगळलं आणि जवळच्या पाण्याच्या बादलीत डुबकन पडलं. "जाऊ दे," म्हणत त्याने कपाळावरची बट धरली आणि कचकन कापली. डांबराची ती जुडगी हाताला चिकटू लागली, म्हणून त्याने ती बादलीतच बुडवली. सुटलेल्या रुंदोवने अंग झाडलं आणि मिलिसावचं नाक चाटलं.

"जग!" मिलिसाव दात-ओठ खात म्हणाला. "शंभर वर्षं जग, राक्षसा!"

"आमेन," रस्त्यावरून आवाज आला.

कोसाराआजी उभ्या होत्या. अध्यक्षबाईंच्या शिष्टाईचं काय झालं हे बघायला उपाध्यक्ष आल्या होत्या. त्यांनी तीन बोटं जुळवून स्वतःवर क्रूस रेखला, मग बादलीवर रेखला, आणि चेहरा गंभीर केला.

"आमेन कसलं?" मिलिसावने विचारलं.

"मिलिसाव, बाळा, अभिनंदन. कुम झालास."

कुम म्हणजे काय हे ग्लोगोव्येत कोणी कोणाला समजावून सांगत नाही. बाप्तिस्म्याला लेकराला हातावर धरतो तो कुम, लग्नात साक्षीला उभा राहतो तो कुम, आणि जुन्या रीतीत लेकराचं जावळ पहिल्यांदा कापतो तोही कुमच. आईच्या मांडीवर, उगवतीकडे तोंड करून, बट पाण्यात टाकून, पाण्यात नाणं टाकून, तोंडाने आयुष्य चिंतून. भाऊ भावाशी भांडेल, बाप लेकाशी बोलणं टाकेल, पण कुमाशी नाही. वर देव, खाली कुम. आलेलं कुमपण नाकारता येत नाही, आणि एकदा झालं की कुम कुमाविरुद्ध चारचौघांत एक अक्षर काढत नाही. मग कोर्टात किंवा कचेरीत काढण्याची बातच सोडा.

मिलिसावने बादलीत पाहिलं. बट तरंगत होती आणि तळाशी नाणं चमकत होतं.

"अहो, कुत्रा आहे तो!"

"म्हणून काय झालं? जीव नाही त्याला?"

"मग गुरांचा डॉक्टर रोज जनावरं भादरतो. तो काय सगळ्या तालुक्याचा कुम?"

"तो यंत्रानं भादरतो. यंत्राला पुण्य नाही," आजी शांतपणे म्हणाल्या. "तू कात्रीनं कापलंस. पहिलं जावळ कापलंस. आणि आशीर्वाद दिलास, तो मी माझ्या कानांनी ऐकला. नको असेल तर नाही म्हण बाबा. तुझ्या आजोबांनीही नाहीच म्हटलं होतं."

मिलिसावचा चेहरा उतरला. त्याच्या आजोबांनी एका गरीब मेंढपाळाला कुमपण नाकारलं होतं आणि त्याच उन्हाळ्यात अख्ख्या गावात फक्त त्यांच्याच आलुबुखाराच्या बागेवर गारा पडल्या होत्या, असं गाव अजून सांगत असे. यंदा मिलिसावची बाग फळांनी वाकली होती. त्याने आकाशाकडे पाहिलं. आकाश निरभ्र होतं, पण गारांचं काही सांगता येत नाही.

घरी परतताना दोब्रिलाने आजींना गाठलं. "आजी, खरं सांगा. कुत्र्याचं कुमपण असतं?"

"मला काय ठाऊक? आजवर कोणी कापलंच नव्हतं."

"अहो, मग हे फसवणं झालं!"

"मी फक्त आमेन म्हटलं. म्हातारीनं आमेन म्हणू नये का?"

दोब्रिलाची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. खरं सांगावं तर जनावरं कोंडवाड्यात. न सांगावं तर शाळेपासून ओळखणाऱ्या माणसाला गंडवल्याचं पाप. ती रात्रभर कूस बदलत राहिली आणि सकाळी उठून मिलिसावला सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

पण मिलिसाव तिच्या आधी उठला होता. तो रस्त्याने येत होता, काळा कोट घालून. तो कोट बायकोच्या अंत्यविधीनंतर कपाटाबाहेर आला नव्हता. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला कोकरू. मागे गावातली पोरं लागली होती आणि लग्नाकार्यात कुमाला ओरडतात तसं ओरडत होती: "कुम, थैली पेटली! कुम, थैली जळाली!" असं ओरडलं की कुमाने नाणी उधळायची, ही रीत. मिलिसावने आधी डोळे वटारले. मग खिशात हात घातला. दोब्रिलाच्या फाटकापर्यंत येता-येता त्याचे दोन्ही खिसे उलटे लोंबत होते.

"देव भलं करो, कुमा," तो म्हणाला. कालपर्यंत तो तिला 'ए दोब्रिला' म्हणत होता; आज लेकराची आई म्हणून ती 'कुमा' झाली होती. "हे आपल्या लेकरासाठी."

दोब्रिलाने कोकराकडे पाहिलं. कोकराने दोब्रिलाकडे पाहिलं. रुंदोवने कोकराचा कान चाटला आणि तत्क्षणी 'उबदार पंजा'त आणखी एक तोंड वाढलं.

"अरे मिलिसाव... म्हणजे, अहो कुम... या ना, बसा."

कुम यजमानाच्या खुर्चीवर, टेबलाच्या टोकाला बसला. दोब्रिलाने चमचाभर मुरंबा आणि पाणी पुढे केलं, मग आलुबुखाराची कडक दारू, रॅकी, दिली, मग कॉफी दिली. कुम उठेना. तो दाराबाहेरच्या कोकराकडे बघायचा आणि मग स्वयंपाकघरातल्या भट्टीकडे बघायचा. त्याच्या नजरेतली ती वाट दोब्रिलाच्या लक्षात आली आणि ती उठून स्वयंपाकघरात पळाली.

"कुमाच्या ताटात भाजलेलं कोकरू नसणं म्हणजे अपमान," कोसाराआजी स्वयंपाकघरात कुजबुजल्या. त्या कुमाला घालायचा नक्षीदार पंचा घेऊन आल्या होत्या.

"आजी, मी 'उबदार पंजा'ची अध्यक्ष आहे!"

"मग पंजा सोड, मांडी भाज."

"आजी!"

दोब्रिलाने पांढरे घेवडे भाजले. कांदा घालून, लाल तिखट घालून, मातीच्या भांड्यात. कुमाच्या खांद्यावर पंचा टाकला, त्याला नवे लोकरी मोजे दिले आणि घेवडे वाढले. मिलिसावने घेवड्यांकडे पाहिलं. जिभेवर काहीतरी आलं, ते त्याने गिळलं. कुम कुमाला नावं ठेवत नाही.

हे गिळणं दोब्रिलाला सहन झालं नाही. तिने चमचा खाली ठेवला.

"मिलिसाव, ऐक. हे सगळं खोटं आहे. कुत्र्याचं कुमपण नसतं. आजींनी थट्टा केली आणि मी गप्प बसले, कारण मला जनावरं वाचवायची होती. तू मोकळा आहेस. शुक्रवारी तुला वाटेल ते बोल."

मिलिसाव आधी लाल झाला, मग पांढरा झाला. तो उठेल, पंचा फेकेल आणि कोकरू घेऊन जाईल, असं तिला वाटलं. तो उठला नाही.

"माझं कुमपण काढून घेतेस?" त्याने विचारलं.

"अरे, काढून कसलं..."

"अख्ख्या गावात," तो खाली बघत म्हणाला, "जन्मात मला कोणी कुम केलं नाही. एकदाही नाही. माझ्या जिभेमुळे असेल, मला कळत नाही का? लोक चार-चार पोरांचे कुम आहेत. मी सगळ्यांच्या घरी जेवायला गेलो ते भिंतीकडच्या बाकावर बसून. काल रात्री मी मुलाला फोन केला. म्हटलं, कुम झालो. तो म्हणाला, कोणाचा? म्हटलं, शेजारच्यांच्या लेकराचा. आता काय त्याला परत फोन करू?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आजी दाराआड उभ्या होत्या. दोब्रिलाला गलबलून आलं. जो माणूस आपली जनावरं घालवायला निघाला होता, त्याच्यासाठी आपले डोळे भरतायत याचा तिला रागही आला.

"नको करूस," ती म्हणाली. मग सावरून म्हणाली, "घेवडे आणखी वाढू का, कुम?"

"वाढा, कुमा. थोडं मीठ कमी आहे."

तिथून पुढे मिलिसावने कुमपण असं मनावर घेतलं की दोब्रिलाला जुना मिलिसाव आठवू लागला. कुम रोज सकाळी कॉफीला येई. येताना लेकराला हाड आणी. मग आपलं लेकरू कुठे झोपतं हे बघायला गोठ्यात जाई. गोठा दोब्रिलाच्या वडिलांच्या वेळचा. छप्पर जिथे दुरुस्त केलं होतं ती जागा सोडून सगळीकडे गळायचं.

"हे काय? पोराच्या डोक्यावर थेंब पडतोय!"

"कुम, त्याला आवडतं. तो तोंड उघडून बसतो."

"न्यूमोनिया झाला म्हणजे? आणि ही फळी! ओली आहे. आणि ही हंसीण त्याला टोचते. मी पाहिलं."

"तो तिची शेपटी ओढतो."

"लहान आहे तो!"

दोब्रिला हसून सोडून देत होती. बोलेना का, पण शुक्रवारी बाईंसमोर 'हरकत नाही' म्हणाला की झालं. तिला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

शुक्रवारी इन्स्पेक्टर ग्रोझ्दानाबाई आल्या. हातात फाइल, पायात गमबूट, आणि चेहरा असा की मिनिस्टरनेसुद्धा भाषण अर्ध्यावर थांबवलं. मिलिसाव काळा कोट घालून, खांद्यावर पंचा टाकून हजर होता. रुंदोव त्याच्या बुटावर बसला होता. कपाळावरचे केस गेल्यामुळे त्याला आता सगळं दिसत होतं आणि ते त्याला फार आवडलेलं दिसत होतं.

"तक्रारदार आपणच?" बाईंनी विचारलं.

"मी? छे! कुम कुमाविरुद्ध बोलत नाही."

ग्रोझ्दानाबाईही याच मुलखातल्या. त्यांनी भुवई उचलली, पंच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मग प्रश्नच मिटला. शेजाऱ्यांची हरकत नाही. भुंकणं नाही, वास नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पण एक सांगायचंय," मिलिसाव म्हणाला.

"कुम, नका सांगू," दोब्रिला म्हणाली.

"का नको? लेकराच्या भल्याचं आहे. बाई, ते छप्पर बघा आधी. सगळं गळतं. ही फळी बघा, बोट लावून बघा, ओली आहे की नाही? मागची भिंत फुगलीय. हिवाळ्यात बर्फ पडला तर सगळं खाली येईल. आणि पाणी निघून जायला वाटच नाही. मी म्हणतो, सरकारनं यात लक्ष घालायला हवं!"

बाई आत गेल्या. मिलिसाव त्यांच्या पुढे चालला, राजवाडा दाखवावा तसा एकेक भोक दाखवत. दोब्रिला मागून त्याच्या कोटाचं टोक ओढत होती आणि त्याला वाटत होतं की रुंदोवच ओढतोय. शत्रू होता तेव्हा या माणसाने फक्त भुंकण्याची तक्रार केली होती. आप्त झाल्यावर त्याने भिंतीसुद्धा सोडल्या नाहीत.

बाई बाहेर आल्या. मघापेक्षा त्यांचा चेहरा जास्त उदास होता. "दोब्रिलाताई, मला हे पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही. इमारत धोक्याची आहे. दुरुस्ती होईपर्यंत इथे एकही जनावर ठेवता येणार नाही."

"बघा!" मिलिसाव विजयी मुद्रेने म्हणाला. मग थबकला. "ठेवता येणार नाही म्हणजे? मग हा कुठे जाणार?"

"तालुक्याच्या कोंडवाड्यात."

मिलिसावने दोब्रिलाकडे पाहिलं. दोब्रिला त्याच्याकडे बघत नव्हती. ती एकेका कुत्र्याकडे बघत होती, बसथांब्यावरच्या त्या म्हाताऱ्या कुत्रीपासून सुरुवात करून. तिला रडूही फुटत नव्हतं.

"कुमा," मिलिसाव म्हणाला. "कुमा, मी... माझी ही जीभ..."

"आता जिभेचं काय घेऊन बसलास?" कोसाराआजी फाटकातून ओरडल्या. "त्या कोठाराचं बोल!"

मिलिसावचं कोठार कुंपणाच्या पलीकडेच होतं. पक्क्या विटांचं, लाल कौलांचं, आत वीज, जमिनीला उतार, पाणी जायला मोरी. आलुबुखार सुकवायला म्हणून बांधलं, असं मिलिसाव सांगायचा. पण मुलगा व्हिएन्नाहून परत येऊन धंदा काढेल म्हणून बांधलं, हे गावाला माहीत होतं. मुलगा आला नाही. कोठारात एक जुनी शिडी तेवढी होती. मिलिसाव रोज संध्याकाळी जाऊन ते झाडायचा आणि कुलूप लावून यायचा.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. रुंदोवने ती हुंगली.

"कोरडं आहे," तो बाईंना म्हणाला. "एक थेंब येत नाही. चला, दाखवतो."

दुपारपर्यंत वरात निघाली. कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या आणि त्या वाटेने म्हातारी कुत्री गेली, मांजरं टोपल्यांतून गेली, हंसीण स्वतःच्या मर्जीने गेली. कोकरू रुंदोवच्या मागे आणि बकरी कोकराच्या मागे. मिनिस्टर दारात अडून बसला, तेव्हा मिलिसावने काळा कोट काढला आणि मागून ढकललं. गावाने मदत केली. पोरं "कुम, थैली पेटली!" ओरडत राहिली, पण आता थैलीत राखसुद्धा नव्हती. ग्रोझ्दानाबाईंनी कोठारात फेरी मारली, कौलं पाहिली, मोरीत पाणी ओतून पाहिलं आणि प्रथमच हसल्या.

"उत्तम. परवाना या जागेसाठी देते. फक्त एक राहिलं." त्यांनी फाइल उलगडली. "शेजाऱ्यांची हरकत आहे का, ते विचारावं लागतं. या जागेचे शेजारी कोण?"

मिलिसावने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला ओढा, तिसऱ्या बाजूला रस्ता. मग सगळ्यांनी मिळून चौथ्या बाजूला पाहिलं. तिथे दोब्रिला उभी होती.

"मी?" दोब्रिला म्हणाली.

"आपणच. कुत्र्यांच्या आवाजाचा, वासाचा आपल्याला त्रास होईल असं वाटतं का?"

दोब्रिला कुंपणातून आपल्या अंगणात परत गेली. अंगण रिकामं होतं. तिथे एवढी जागा आहे हे तिला माहीतच नव्हतं. चार-सहा गुलाब सहज मावले असते. तिने कॉफी केली, ओट्यावर बसली आणि प्यायली. नऊ वर्षांत तिची कॉफी गरम असताना संपली नव्हती. कोणाचा तरी पाय अडकायचा, कोणीतरी कोणाला तरी चावायचं, आणि परत येईपर्यंत कपावर साय धरलेली असायची. आज ती शेवटच्या गाळापर्यंत गरम होती.

पलीकडे मिलिसावला घाम फुटला होता. "कुम कुमाविरुद्ध बोलत नाही ना, आजी?" तो पुन:पुन्हा विचारत होता.

"बोलत नाही. पण विचार करायला बंदी नाही," आजी म्हणाल्या.

दोब्रिला कप उपडा घालून परत आली. "हरकत नाही," ती बाईंना म्हणाली. मिलिसावने इतक्या जोरात सुस्कारा सोडला की बकरी दचकली. "सकाळ-संध्याकाळ मी येऊन सगळ्यांचं करेन, ते माझंच काम आहे. फक्त एक अट घाला. दुपारी एक ते तीन भुंकायचं नाही. मला झोपून बघायचंय."

"मंजूर," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

"मंजूर कसं?" मिलिसाव म्हणाला. "हे यांना सांगणार कोण?"

तिघीही नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

मिलिसावने खांद्यावरचा पंचा नीट केला, कोठारात गेला आणि दार लोटून घेतलं. आत एकच कल्लोळ उठला. मग त्याचा आवाज आला, हळू, समजावणीचा. इतक्या वर्षांत त्या जिभेतून असा आवाज निघालेला दोब्रिलाने ऐकला नव्हता. तो एकेकाला नावाने हाक मारून सांगत होता. हंसिणीलाही सांगितलं. मिनिस्टरला जरा जास्त वेळ लागला.

"आणि तू, रुंदोव," शेवटी ऐकू आलं, "या सगळ्यांवर तू लक्ष ठेवायचं. ते पाहुणे आहेत. तू घरचा आहेस."

आणि कोठार खरोखरच शांत झालं.